सहा बंदुकांची वाडी

जेवण अंगावर आलंय. पडवीत चटई टाकून मी आडवी झालेय, पदर तोंडावर ओढलाय. पदरातून दिसणारं वैशाखाचं ऊन आधी पिवळं दिसतं, मग तांबूस, मग त्याला रंगच उरत नाही. आत संदेश भांडी आपटतोय. माझा मुलगा, पस्तीस वर्षांचा घोडा, पण राग आला की अजून भांड्यांवर काढतो. आपटू दे. भांडी स्टीलची आहेत, आणि मी पण काही मातीची नाही.

भांडण बंदुकीवरून आहे. माझा नवरा विश्राम पौषात गेला आणि मागे बारा बोअरची एकनळी ठेवून गेला, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. परवानेवाला मेला की बंदूक वारसाच्या नावावर करायची, नाहीतर सरकारजमा. हवालदार दोनदा येऊन चहा पिऊन गेला. उद्या तालुक्याला जायचंय. दोन कागद तयार आहेत. एकावर मी सही केली की बंदूक संदेशची, दुसऱ्यावर केली की सरकारजमा होऊन वितळायला भट्टीत जाणार. भट्टीतच जाणार, असं मी वाडीभर सांगून ठेवलंय.

संदेश म्हणतो, आई, वानर परसात एक केळं ठेवत नाहीत, डुकरं उभं भात लोळवतात. मी म्हणते, तुझ्या बापाने चाळीस वर्षांत त्या बंदुकीने वानर किती मारले रे? वानरांना ती पाठ होती. बार काढला की समोरच्या आंब्यावर जाऊन बसायचे, धूर विरला की परत केळीवर. त्या बंदुकीने आमच्या घरात एकच गोष्ट वाढली, विश्रामच्या मिशा. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, हळदकुंकू, निरांजन! लग्नानंतर मला एवढं कुणी ओवाळलं नाही. अठरा घरांची आमची वाडी, त्यात सहा बंदुका. त्या सहा जणांना वाटायचं, गाव आपण राखतोय. राखत होत्या बायका, बांधावर उभ्या राहून, पत्र्याचा डबा बडवत, घसा फाटेपर्यंत ओरडत. त्यांना कुणी परवाना दिला नाही.

पापण्या जड होतायत. मनात येतं, आता डोळा लागला की विश्राम येणार आणि बंदुकीसाठी माझ्याशी वाद घालणार. येऊ दे. उत्तरं तयार आहेत माझ्याकडे.

विश्राम येत नाही. पायरीवर लवू बसलाय.

लवू आमचा शेजारी. पंचक्रोशीतले नारळ पाडायचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी गेला, म्हणून तो अजून तिशीतच आहे, आणि मी बासष्टची थेरडी झालेय. कंबरेला कोयता, खांद्यावर दोरीचा फास, चढताना पायात अडकवायचा तो. लवू माडावरून पडून मेला. म्हणजे तसं सांगितलं गेलं. खरं असं की पारधीत माझ्या नवऱ्याने डुक्कर समजून त्याला गोळी घातली, आणि मग सहा बंदूकवाल्यांनी मिळून त्याला माडावरून पाडला. प्यालेला होता, तोल गेला, कुंपणाच्या खुंटांवर पडला, असं ठरलं. संध्याकाळच्या आत जाळून मोकळे. त्याची बायको द्वारकी माहेरी बाळंत झालेली. ती परत आली तेव्हा तिला सांगायची एकाही मिशीवाल्याची छाती होईना, म्हणून मला पुढे केलं. मी सांगितलं. त्या सहांतला शेवटचा विश्राम. आता हे माहीत असलेली मी एकटी उरलेय.

"वैनी, झोपलात?"

"झोपले नसते तर तू कशाला दिसला असतास?"

तो हसतो. दात अजून पांढरेशुभ्र आहेत.

"बंदूक देताय म्हणे."

"देतेय. तुला तरी बरं वाटायला हवं."

"देऊ नका."

मी चटईवर उठून बसते. पदर खांद्यावर घेते. "तू हे बोलतोस? तू?"

"मागच्या महिन्यात डुकरांनी द्वारकीच्या परसातला सुरण उकरून खाल्ला. दोन वर्षांचे कंद. विश्रामदादाचा बार ऐकला की आठवडाभर तरी ती खाली उतरत नसत. निवडणुकीच्या वर्षी काय होतं ते बघता ना तुम्ही? सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात, आणि डुकरं अंगणात."

"वा रे वा! ज्या बंदुकीने तुला लोळवलं तिचीच वकिली?"

"ती आपणहून उडाली नाही, वैनी."

"सगळे बंदूकवाले हेच बोलतात. म्हणे बंदुकीचा काय दोष! विळीचाही नसतो, पण विळी घेऊन कुणी रानात टपून बसत नाही."

"खरं आहे," लवू म्हणतो. "पण विळीला डुक्कर भीत नाही."

मला जास्तच राग येतो. मी इकडे तिकडे बघते, तर पडवीच्या खांबाला एक बंदूक टेकवलेली आहे. दुसऱ्या खांबालाही एक. मग भिंतच बंदुकांची होते. पडवी लांबत जाते, वर पंखा कुरकुरतो, फिनेलचा वास येतो. हे तालुक्याचं पोलीस ठाणं आहे. मी कधी आत आले नव्हते, पण आहे ते ठाणंच. प्रत्येक बंदुकीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलीय, चिठ्ठीवर मालकाचं नाव.

निवडणूक लागली की आमचे सहा जण बंदुका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून यष्टीने इथे आणायचे. खिडकीची जागा बंदुकीला, बाजूला हे. निकाल लागला की आणायला जायचे ते थेट माहेरी गेलेली बायको आणायला निघाल्यासारखे, दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून. मला एकदा बाळंतपणानंतर माहेराहून आणायला विश्रामला सवड झाली नव्हती. भावाने सोडलं होतं मला.

लवू चिठ्ठ्या वाचत पुढे चाललाय. जिवंत असताना त्याला अंगठ्यापलीकडे काही येत नव्हतं.

"ही तुमची," तो म्हणतो.

मी बघते. एवढीशी दिसते. दस्त्याची कड झिजलेली, नळीला गंज चढायला लागलेला. हिच्यासाठी एवढे झेंडू वाया घालवले आम्ही. पुढे टेबल आहे, आणि टेबलामागच्या खुर्चीत आता लवूच बसलाय. कागद उडू नये म्हणून त्याने त्यावर कोयता ठेवलाय.

"नाव?"

"चावटपणा करू नकोस. माहीत आहे तुला."

तो लिहितो. मग वाचून दाखवतो, एकेक शब्द सुटा करून: "या शस्त्राने कधी कोणास इजा झाली आहे काय?"

"लिही, नाही."

"नाही लिहू?"

"उद्या तेच लिहिणार आहे मी."

तो पेन खाली ठेवतो. "म्हणजे बंदूक पण गेली, आणि मी पण गेलो. भट्टीत नुसतं लोखंड जाणार असं मला वाटलं होतं."

"अरे, मी अठ्ठावीस वर्षं त्या बंदुकीचं तोंड बघितलं नाही. दसऱ्याला त्या खोलीत पाय ठेवला नाही. विश्रामला सांगितलं, तिच्याजवळ झोप, माझ्याजवळ येऊ नकोस. कुणासाठी केलं हे सगळं? तुझ्यासाठी ना?"

"तुमच्या रागाचं मी काय करू, वैनी? द्वारकीने तो शिजवून खाल्ला काय?"

असं माझ्याशी कुणी बोलत नाही. वाडीत माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. मी ताडकन वळते आणि दाराकडे निघते. पायाखाली फरशी असायला हवी, पण सुकी पानं वाजतायत. समोर करवंदीच्या जाळ्या आहेत. आम्ही डोंगरावर आहोत, पारधीच्या जागेवर.

बायकांना पारधीला नेत नाहीत. अपशकुन होतो म्हणे. सहा पुरुष हातात बंदुका घेऊन रानात शिरतात, आणि अपशकुन कुणाचा, तर बाईचा. विश्राम कातळाआड टपून बसलाय. तरुण आहे, मिशीला पीळ आहे. खालून हाकारे ओरडत वर येतायत. पारधीचा नियम मी ऐकून आहे. हाकाऱ्याने तोंड बंद ठेवायचं नाही. ओरडत, शीळ घालत, डबा वाजवत चढायचं, म्हणजे बंदूकवाल्याला कळतं की इथे माणूस आहे. जे हलतं पण ओरडत नाही, ते जनावर.

"तू गप्प का झालास?" मी विचारते. लवू माझ्या बाजूला उभा आहे, आणि तिकडे जाळीतही आहे, डोक्यावरून घोंगडी घेतलेला.

"टाचेत काटा मोडला. ओरडत ओरडत काटा काढता येत नाही, वैनी. जीव टाचेत असतो."

जाळीतला लवू ओणवा होतो. काळी घोंगडी पाठीवर ताणली जाते. विश्रामने थांबायला हवं. आधी बघायचं, मग घोडा ओढायचा, हे पोरगंसुद्धा सांगेल. पण वर्षाची एक पारध, अशा लागोपाठ दोन झाल्या, आणि मुंडी दोन्ही वेळा वरच्या घरच्या बंदुकीला गेली. ज्याच्या बाराने डुक्कर पडेल त्याला मुंडीचा मान. केळीच्या पानावर घालून वाजत गाजत त्याच्या घरी न्यायची, त्याच्या बायकोने दारात पाणी ओतून ती घ्यायची. दोन वर्षं आमच्या दारात पाणी ओतलं गेलं नव्हतं. विश्रामचं जेवणावरून मन उडालं होतं. डुकराच्या मुंडक्यासाठी! आणि हे लोक बायकांना म्हणतात, तुम्ही पैठणीसाठी रुसता.

बार होतो. मला आवाज येत नाही, नुसता धूर दिसतो.

मग बाकीच्या हाकाऱ्यांना डुक्कर निसटलं सांगून खालच्या खालीच परत पाठवलंय, आणि ते सहा जण गोल करून उभे आहेत. मध्ये घोंगडी हलतेय. मला विश्रामने सांगितलं होतं, जागीच गेला, पाणीसुद्धा मागितलं नाही. इथे तर लवू पाणी मागतोय, दोनदा, तीनदा. कुणी वाकत नाही. वरच्या घरचा म्हणतोय, "सहाच्या सहा परवाने जातील. एकट्या विश्रामचा नाही." दुसरा म्हणतोय, "मग भात कोण राखणार?" विश्राम रडतोय. त्याला मी कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि आता बघूनही मला कीव येत नाही. कारण रडता रडता तो सदऱ्याच्या टोकाने बंदुकीची नळी पुसतोय.

"खाटेवर घालून रस्त्याला न्यायला अर्धा तास पुरला असता," बाजूचा लवू म्हणतो. "तासभर ते काय सांगायचं ते ठरवत होते."

"तू ऐकत होतास?"

"कान शाबूत होते. साप चावला म्हणूया, असं कुणीतरी म्हणालं. पण अंगाला भोकं. मग कुंपणाचे खुंट सुचले. मग माड सुचला."

"गप्प बस, लवू."

"गप्प बसलो तेव्हाच तर गोळी लागली."

मी खाली बसते. मला वाटायचं, मी त्या सहांपेक्षा बरी. मी बंदूक हातात धरली नाही, त्यांच्या मटणाचा वाटा घरात शिजवला नाही. त्यांना उभ्या उभ्या सोलून काढायची मी शब्दांनी. घरात, अंधारात, दाराला कडी लावून.

"पडला, एवढ्यावर भागलं असतं," लवू सांगतोय, शेजारणीकडे विरजण मागावं इतक्या सरळ आवाजात. "पण लवू पडेल हे कुणाला पटेना. म्हणून प्यालेला केलंत मला. उभ्या जन्मात थेंब घेतला नाही मी. प्यालेला माणूस माडावर चढतो काय? पंधराव्या वर्षापासून चढतोय. वाऱ्यात चढलो, तापात चढलो. माझी पोर शाळेत गेली तर तिला बेवड्याची पोर म्हणायचे. तो शब्द कुठून आला, वैनी?"

मला माहीत आहे कुठून आला. विहिरीवरून आला. द्वारकी तीन आठवड्यांची पोर पदरात घेऊन उभी होती. मी म्हटलं, "घेतली होती गो त्याने. तोल गेला." ती म्हणाली, "तो घेत नाही." मी म्हटलं, "बायकांना सगळं कुठे कळतं?" मी, मी बोलले हे. जी आज वाडीभर सांगत फिरतेय की पुरुषांना अक्कल नाही.

"बंदुकीचं तुम्ही आणि संदेश काय ते बघा," लवू म्हणतो. "ठेवलीत तर द्वारकीचा सुरण वाचेल. दिलीत तर आणखी कुणीतरी वाचेल, एखादा काटा काढायला बसलेला. मला दोन्ही पटतं. पण मला त्या माडावरून उतरवा आधी. अठ्ठावीस वर्षं पडतोय मी."

डोंगरावर माड उगवत नाही. पण तो समोर उभा आहे, सरळसोट, शेंडा उन्हात दिसतही नाही.

"चढा," तो म्हणतो, आणि दोरीचा फास माझ्या पायांपुढे टाकतो.

"वेड लागलंय तुला. या वयात?"

"स्वप्नात वय कुठे मधे येतं? चढा."

मी कासोटा घालते. फासात पाय अडकवते, खोडाला मिठी मारते. आणि चढते की! पाय वर ओढायचे, हात वर सरकवायचे, पाय वर ओढायचे. खोड खरखरीत आहे, हातांची आतली बाजू भाजते. खाली ठाणं दिसतं, डोंगर दिसतो, ते सहा जण अजून गोल करून उभे दिसतात. वरून सगळे केवढेसे! मला हसू येतं. एवढ्याशा माणसांना भिऊन मी एवढी वर्षं तोंड शिवून बसले होते.

"पोचलात?" लवू खालून ओरडतो.

"पोचले!"

"आता पडा."

"काय?"

"तुम्ही सांगितलं तसं पडा. तोल जाऊन."

मी हात सोडून बघते. हात सुटत नाहीत. बोटं खोडाला चिकटलीत, पायांनी आपोआप फास आवळलाय. मी मनाशी म्हणते, सोड, स्वप्नच आहे. पण शरीर ऐकत नाही. ज्याला धरायचं माहीत आहे त्याला पडता येत नाही. मी परत प्रयत्न करते आणि खोडाला आणखी घट्ट मिठी मारते, गाल सालीवर घासतो.

"येतंय पडायला?"

"नाही रे!" मी ओरडते. मला रडू कोसळतं. "नाही येत पडायला, लवू. नाही येत!"

मी घसरत घसरत उतरायला लागते, कोपरं सोलत, आणि जमीन काही केल्या येत नाही.

"आई! आई, उठ. ओरडतेस काय?"

संदेश आहे. ऊन पायरीवरून खाली उतरलंय. त्याच्या एका हातात चहाचा कप आहे, दुसऱ्यात ते दोन कागद. राग गेलेला दिसतोय, किंवा चहा देऊन सही मिळेल असा हिशोब असेल. बापाचाच मुलगा.

मी चहा घ्यायला हात पुढे करते, आणि तो कप खालीच ठेवतो.

"हे काय लागलं?"

मी बघते. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने सोललेत. बारीक बारीक आडव्या रेघा, रक्त नुकतं वर आलेलं. चटईने असं होत नाही. मी फुंकर घालून बघते, तर झोंबतं.

"कुठे पडलीस?"

"पडले नाही."

"मग एवढं सोलवटलं कसं? पडलीच असशील. बेसिनजवळ पाणी सांडलं होतं मघाशी—"

"पडले नाही म्हटलं ना! आमच्या वाडीत जो तो दुसऱ्याला पाडायला उठलाय."

मी उठते. गुडघे कुरकुरतात. पायात चपला सरकवते, हातावर पदर घेत नाही, दिसू दे. संदेश कागद पुढे करतो. त्याला वाटतं, मी सहीसाठी उठले.

"ते ठेव तिथे. आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"द्वारकीकडे."

"आता? एवढ्या उन्हात? तिचं काय बंदुकीशी?"

त्याचा चेहरा बघते मी. पस्तीस वर्षं या घरात वाढला, दर दसऱ्याला त्या नळीला तेल लावलं याने, आणि याला काही माहीत नाही. हे मीच घडवलंय. विश्रामने बंदूक ठेवली मागे, मी हे अज्ञान.

"तिला सांगायचंय," मी म्हणते, "की तिचा नवरा दारू पीत नव्हता. आणि माडावरून पडला नव्हता. तुझ्या बापाने गोळी घातली त्याला."

तो कागद कपाशेजारी ठेवतो. मग हळूच म्हणतो, "काहीतरीच काय, आई! सगळी वाडी सांगते पडला म्हणून. कुणी सांगितलं तुला पडला नाही असं?"

हात आता चांगलेच जळजळायला लागलेत. मी पायरी उतरते.

"पडला, असं वाडीला कुणी सांगितलं ते विचार आधी," मी म्हणते. "मी सांगितलं."